हालवर ब्राटेनचा बारावा तास

“लिफाफा पोस्टात टाकायला विसरू नकोस हं, हालवर. देवानं पाहिलंय सगळं, पण सरकारला कागद लागतो.”

एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्न लावून झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, एक बूट बर्फात रुतवून उभे असलेले म्हातारे पास्टर टॉलेफसन हे बोलले होते. पास्टर कधीच देवाघरी गेले. त्यांचा तो घोगरा आवाज आज अचानक काउंटी कचेरीच्या खिडकीपाशी हालवर ब्राटेनच्या कानात उमटला.

“तुमच्या लग्नाची नोंदच नाही, काका,” खिडकीमागची डार्लीन म्हणाली.

“नीट बघ. त्या लग्नात फुलं उधळत तूच पुढे चालली होतीस.”

“उधळली असतील. नोंद नाही.”

रेल्वेच्या पेन्शनचा फॉर्म तीस तारखेला पोचायला हवा होता. आपल्या मागे बायकोला, ऑर्डिसला, पेन्शन मिळावी, एवढंच हालवरचं म्हणणं. आणि फॉर्मच्या दुसऱ्या पानावर लग्नाचा दाखला मागितला होता.

“त्या टॉलेफसननं घोळ घातला,” तो घाईघाईनं म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या ऑर्डिसनं हातमोज्याचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“नवा परवाना काढा, दोन साक्षीदार आणा. एकशे दहा डॉलर.”

“एकशे दहा? मासे धरायचा परवाना पंचविसात मिळतो!”

“मासा परत पाण्यात सोडता येतो, काका.” डार्लीननं भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. “लग्नाआधी बारा तासांचं शिक्षण घेतलंत तर कायद्यानं सत्तर माफ.”

ऑर्डिस फलकाची खालची ओळ वाचत होती. पूर्ण फीमधला काही भाग घर सोडून आलेल्या बायकांच्या आसऱ्याच्या घराला जातो, असं तिथं लिहिलं होतं.

“पूर्ण भर ना, हालवर.”

“का म्हणून? बारा तास तर मी बर्फातल्या भोकापाशी एका माशासाठी बसतो.”

आणि हालवरनं एकदा मनावर घेतलं की घेतलं.

चर्चच्या तळघरात वर्ग भरला. पाच जोडपी विशीतली, सहावं हे. शिकवायला पास्टर केल्सी; वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. तिनं प्रश्नपत्रिका वाटल्या. ‘मुलं किती हवीत?’ हालवरनं लिहिलं, ‘तीन. झाली.’ ‘सासरच्यांच्या ढवळाढवळीची भीती वाटते का?’ ‘सगळ्यांना पुरलं.’ मधल्या सुट्टीत तरुण मुली कॉफीचे पेले घेऊन ऑर्डिसभोवती गोळा होत, आणि त्यांचे होणारे नवरे हालवरला आमिषाला कोणता किडा लावावा ते विचारत. दोन तास तर त्यातच गेले आणि केल्सीनं ते हिशेबातच धरले नाहीत.

शेवटच्या तासाचा धडा असा होता: आजवर न सांगितलेलं काहीतरी एकमेकांना सांगा.

हालवरनं बराच विचार केला. “यंदा थंडी जरा कमीच आहे,” तो ऑर्डिसला म्हणाला.

केल्सीनं पेनाला टोपण लावलं. “सही मिळणार नाही.”

“पोरी, बारा तास भरले माझे!”

“अकरा भरले. बाराव्यात तुम्ही नुसते बसला होतात. परत या.”

अठ्ठावीसला तो ऑर्डिसला घेऊन परत आला. हवामानाचंच बोलला, परत गेला. एकोणतीसला मात्र तो टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले.

“टॉलेफसननं काही घोळ घातला नाही. लिफाफा त्यानं माझ्या हातात दिला होता. मी कोटाच्या खिशात टाकला आणि हरवला. एवढी वर्षं तू बिनलग्नाची राहिलीस ती माझ्या धांदरटपणामुळं, बयो. माफ कर.”

ऑर्डिसनं कॉफी संपवली, पेला विसळला. “माझा बारावा तास उद्या,” एवढंच म्हणाली. केल्सीनं सही केली.

तीस तारखेला हालवरनं सहीचा कागद आणि चाळीस डॉलर ऐटीत खिडकीत सरकवले. ऑर्डिसनं पर्स उघडून त्यावर सत्तर ठेवले. मग एक पिवळा पडलेला लिफाफा काढला. त्याला वेलचीचा वास येत होता.

“हा कुठं सापडला?”

“हरवला कुठं होता? कोटातून मीच काढला. नाताळच्या बिस्किटांच्या डब्यात होता.”

हालवरनं वाकून लिफाफ्याचा वास घेतला.

“बोर्गहिल्ड मावशी आठवते? नवऱ्यानं सुजवलेला डोळा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि दिवे लागायच्या आत परत जायची. दुसरीकडे जाणार कुठं? असलं आसऱ्याचं घर तेव्हा नव्हतं इथं. तुला मी जेमतेम सात महिने ओळखत होते. म्हटलं, एक हिवाळा बघू. बरा निघालास तर टाकू पोस्टात.”

“मग? वाईट निघालो?”

“छे रे. पण दर हिवाळ्यात वाटायचं, आणखी एक बघावा.”

डार्लीननं लिफाफा उघडला. “सह्या, तारीख, सगळं आहे की! हा उशिरानं नोंदवता येतो. फी लागणारच नाही. काका, तुमचे बारा तास फुकट गेले.”

जन्मात पहिल्यांदाच हालवरनं वाचलेल्या पैशांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यानं फलकाची खालची ओळ ओठ हलवत वाचली. मग लिफाफा उचलून ऑर्डिसच्या हातात परत दिला.

“हा तुझा तुझ्याकडं असू दे. डब्यात ठेव. डार्लीन, नवा परवाना काढ. पूर्ण फीचा.”

ऑर्डिस लिफाफा धरून उभी राहिली. अंगठ्यानं तिनं त्याची दुमडलेली कड सारखी केली, आणि तो खिडकीतून आत सरकवला.

“पैसे त्या घराला जाऊ देत. आणि हाच नोंदव, डार्लीन,” ती म्हणाली. “माझं बघून झालं.”