तुलनेवाला ढवळे

माझा गुडघा एका तेलानं बरा झाला, असं मी ऑफिसात कौतुकानं सांगत होते. समोर ढवळे डबा खात होता. घास तसाच हातात धरून त्यानं विचारलं, "आन् ताई, तेल नसतं लावलं तर?"

"तर काय, दुखत राहिला असता."

"कशावरून?"

आता ह्याला काय सांगणार? गुडघा माझा, तेल माझं, आणि शंका ह्याला. पण पुढं थंडीत दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मी त्याच्या नादी लागून एकालाच तेल चोळलं. थंडी सरली आणि दोन्ही गुडघे एकदमच बरे झाले. ढवळे खूश झाला. मी नाही, कारण बाटली अजून अर्धी भरलेली होती.

ढवळे आमच्याकडं फेलो म्हणून आला होता. शहरातल्या गरिबांसाठीच्या योजनांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायला शिकलेली पोरं वर्षभरासाठी नेमतात, त्यातला हा एक. मूळ केम गावचा. पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. केलं, पण बोलणं गावाकडचंच ठेवलं. मी वस्त्यांमधून बचत गट चालवणारी जुनी संघटिका, म्हणून त्याला गल्लीबोळ दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कुणी काहीही सांगितलं की ह्याचा प्रश्न ठरलेला, "तुलना कुणाशी केली?" सात रस्ता चौकातले भजीवाले मामा एकदा म्हणाले, गाड्याला लिंबू-मिरची बांधल्यापासून गिऱ्हाईक वाढलंय. ढवळे लगेच शेजारच्या गाड्यावर चौकशी करून आला. "मामा, तेनं कायबी बांधलं न्हाय, तरी त्याचंबी गिऱ्हाईक वाढलंय. समोर क्लास निघालाय की." त्या दिवसापासून मामांनी त्याच्या भज्यांवर तळलेली मिरची टाकणं बंद केलं.

आमचे शिपाई बनसोडे काका त्याच्या लग्नाच्या मागं लागले होते. "लग्न कर, सुधारशील."

"न करता बिघडलोय, असं कुटं दिसलं तुमाला?" ढवळेनं शांतपणे विचारलं. काकांनी स्थळं आणणं सोडून दिलं.

त्याच्याकडं काम होतं शिलाई मशीन वाटपाचं. मशिनी थोड्या आणि शिवण शिकलेल्या बाया जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मशीन मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही प्रकारच्या बायांच्या घरी ढवळेनं वर्षभर जायचं आणि कुणाचं किती बरं चाललंय ते बघायचं. त्यावर पुढच्या मशिनी यायच्या की नाही ते ठरणार होतं. तोवर न मिळालेल्यांना कुणी काही द्यायचं नाही, नाहीतर तुलना बिघडते. मी एकीला घरची जुनी कात्री दिली, तर हा पठ्ठ्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एका घरी चहा घेतला की दुसऱ्या घरीही घ्यायचाच, तेवढाच. पित्तानं बेजार झाला, पण तुलना सांभाळली.

न मिळालेल्यांत राजेश्वरी होती. विणकराच्या घरातली. नवऱ्याचा माग बंद पडलेला आणि ही विड्या वळायची. तंबाखूनं खोकला धरला होता. डॉक्टर म्हणाले, विड्या सोड. सोडल्या तर खायचं काय? म्हणून तिचा सगळा जीव त्या मशीनवर. ढवळेला ती तम्मुडू म्हणायची, तेलुगूत धाकटा भाऊ.

"तम्मुडू, माजी मशीन कधी?"

"वरून ठरंल, अक्का," ढवळे कपात बघत म्हणायचा. तिथून निघालो की कोपऱ्यापर्यंत तोंड कडू करून चालायचा. मला वाटायचं, पित्त.

वर्ष संपताना साहेबांच्या केबिनमध्ये त्यानं सगळं मांडलं. मशीनवाल्या बायांचं बरं चाललंय, बाकीच्यांनाही द्या. साहेब खूश. आणि मग हा म्हणाला, "एक घर मी तुलनेतून काढलंय. तितं मशीन पोचली."

"कुणी दिली?"

"मीच."

साहेबांनी चष्मा काढला. "कुणाला काही द्यायचं नाही, हे वर्षभर तूच आम्हाला पढवलंस ना?"

"व्हय सायेब. चूक झाली. पण दडवली तर सगळं कामच खोटं व्हईल. माझं फेलोशिपचं सर्टिफिकेट अडवलं तरी चालंल."

मला त्याचा असा राग आला. गप्प बसला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. साहेबांनी सर्टिफिकेटचं वर विचारून सांगतो म्हटलं आणि आम्ही बाहेर पडलो. जिन्यात मी त्याला गाठलं. घर कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती.

"मशीन आणलीस कुठनं?"

"आईची हाय. ती गेल्यापासनं केमच्या घराला कुलूप. मशीन नुसती झाकून पडली हुती."

"अरे, थोडं थांबायचं. राजेश्वरीला आता सरकारी मिळालीच असती."

"तवर लई खोकली असती, ताई."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग सुट्टीला आता केमला जातोस की नाही?"

"न्हाय. रविवारी अक्काकडं जातो. ती आत शिवत बसती, मी दारात मशीनचा आवाज ऐकत बसतो." जिन्याच्या कठड्यावर त्यानं हात टेकला. "डोळं मिटलं की आई घरात हाय."