विश्राम परबची सुकी हवा

ओमानमधल्या सोहारला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मैदानातून रोज संध्याकाळी ‘फुस्स्स’ असा लांबलचक आवाज यायचा. नवीन भाडेकरू दचकायचे. जुने म्हणायचे, परब आला कामावरून. थोड्या वेळाने विश्राम परब एका भल्यामोठ्या गाडीच्या पोटाखालून बाहेर यायचा आणि हातातला पांढरा रुमाल उजेडात धरून बघायचा. रुमाल कोरडा असला तर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणायचा, “सुकी हा.” ओला निघाला तर त्या संध्याकाळी त्याच्या वाटेला कोणी जात नसे.

ही गाडी म्हणजे मोटरहोम. आत पलंग, शेगडी, बेसिन, न्हाणीघर, सगळं. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून ती विश्रामच्या अर्बाबने, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाने, हौसेने घेतली. एकदा बायकामुलांना घेऊन सूरला जाऊन आला, कंटाळला आणि विश्रामला म्हणाला, “खलास, आता तूच सांभाळ.” विश्राम त्या वर्कशॉपात कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा. गाडीचे ब्रेक हवेवर चालणारे. त्यामुळे स्वारी जी खूश झाली ती झालीच.

ब्रेकची हवा टाक्यांमध्ये दाबून भरलेली असते. त्या हवेतलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. ते काढायला खाली एक दोरी असते, ती ओढली की हवेबरोबर पाणी उडून जातं. झालं, एवढंच शास्त्र. पण विश्राम त्यावर तासभर बोलू शकायचा. सोहारची हवा समुद्राची, ओलीकच्च. इथे ती तशीच भरून थंडीत डोंगरावर गेलं, की पाणी नळीत गोठणार आणि गाडी आहे तिथेच बसणार. “हवेक पाणी लागला, खलास,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. नळीत थोडं स्पिरिट ओतलं तर पाणी गोठत नाही, असं मी कुठेतरी वाचून त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “भावजी, माका हवा शुद्धीत व्हयी.”

भावजी म्हणजे मी. माझी बायको मेधा पुण्याची, तिला सख्खा भाऊ नाही. आम्ही सोहारला आलो त्याच वर्षी भाऊबीजेला हा कुडाळचा गृहस्थ पाटावर येऊन बसला आणि भाऊ झाला. तेव्हापासून मी भावजी आणि आमची सई त्याची भाची.

मला हा माणूस अजिबात आवडायचा नाही, कारण माझ्या घरात तो सगळ्यांना आवडायचा. मी साधा पेचकस जेवणाच्या टेबलावर ठेवला तर मेधा कपाळाला आठ्या घालायची. यानं डिसेंबरात हवा सुकवणारा डबा बदलला, जुना कापून आमच्या टेबलावर उघडला आणि आतले ओलसर मणी सईला दाखवले, तर मेधाने वर स्टीलचं ताट आणून दिलं. मणी साबुदाण्यासारखे टेबलभर घरंगळले. तिघं हसत होती. मी पेपर वाचत होतो.

हेही मी सोडून दिलं असतं. खरं दुखणं सईचं होतं. अकरा वर्षांची पोर, शाळा इंडियन, मैत्रिणी केरळच्या आणि लखनौच्या. माझ्याशी बोलायची ती इंग्रजीत, तेही मोजकं. “स्कूल वॉज फाइन, डॅड.” मी मराठीत विचारलं की खांदे उडवायची. आणि तीच सई मागच्या मैदानात गाडीखाली वाकून ओरडायची, “मामा, आज मी दोरी ओढतंय!” अस्खलित मालवणी. मी तिच्यासाठी मराठी गोष्टींची पुस्तकं मागवली होती, ती तशीच्या तशी कपाटात होती. मी तंबू आणला, घडीच्या खुर्च्या आणल्या, समुद्रावर नेलं. ती कारमध्ये एसी लावून बसली आणि म्हणाली, मामाच्या गाडीत बेसिन आहे.

जानेवारीत विश्रामने आम्हाला जबल शम्सच्या उंच डोंगरावर नेलं. डांबरी रस्ता संपतो त्याच्या अलीकडच्या पठारावर गाडी लावली. थंडी मरणाची. तो निखाऱ्यावर सुरमई भाजायला बसला आणि मी सईला फिरायला घेऊन गेलो. खरं तर मला तिला तिथून हलवायचं होतं. ती वाटभर कुरकुरत होती की तिची दोरी ओढायची राहिली.

मागे विश्रामचे हात मसाल्याने माखलेले. तो मेधाला म्हणाला, “बाय, जरा पाणी सोड.”

आता पुण्यात पाणी सोडतात ते नळाला. त्यात पठारावरची धूळ उडून माशावर बसत होती. मेधाला वाटलं, भावाला अंगणात सडा हवाय. तिने गाडीच्या पोटातल्या पिण्याच्या पाण्याचा नळ उघडला, पाइप लावला आणि चाकांच्या भोवती छान शिंपडून घेतलं. उरलेलं तसंच वाहू दिलं. आम्ही परत आलो तेव्हा विश्रामने विचारलं, सोडलं का, ती म्हणाली, सोडलं. जेवण उत्तम झालं.

सकाळी इंजिन सुरू झालं, पण हवा कमी असल्याचा भोंगा काही थांबेना. हवेचा काटा जागचा हलेना. विश्राम खाली उतरला. चाकांखाली काचेसारखा बर्फ, आणि नळीतलं पाणीही गोठलेलं. दोरी कोणी ओढली, असं त्याने विचारलं. मेधा म्हणाली, कसली दोरी, तुम्ही म्हणालात म्हणून मी पाणी सोडलं.

या क्षणाची मी कितीतरी महिने वाट बघत होतो. आता भडकेल आणि आमच्या घरातला याचा पाट कायमचा उचलला जाईल. मी त्याच्या जागी असतो तर दुपारपर्यंत बोललो असतो.

विश्राम पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “शब्द माझो चुकलो, बाय. चाय टाक.” मग त्याने जनरेटर लावला, मेधाचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि सईला दाखवलं की हवेच्या नळीवर तो कुठे आणि कसा धरायचा. चाकांचं काम उन्हावर सोपवलं. मला कोणी काही सांगितलं नाही. मी चहा घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि आतल्या आत जळत राहिलो. शेवटी राहवेना. म्हटलं, परब, माझ्या पोरीला काय चारता तुम्ही? माझ्याशी ती धड चार वाक्यं बोलत नाही.

तो चहात बघत म्हणाला, “मी तिचो बापूस नाय म्हणान बोलता. माझा चेडू पण बोलता हो. शेजाऱ्यांशी बोलता, बाईंशी बोलता.”

त्याची मुलगी कुडाळला असते हे मला माहीत होतं. सईपेक्षा थोडी मोठी. तो दर शुक्रवारी फोन करायचा, तेही माहीत होतं. त्यापुढे मी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आणि तुमच्याशी?

“माझ्याशी गोड वागता. दोन वर्सांनी घराक जातंय, तर ‘बाबा, चाय व्हयी? बाबा, पंखो लावू?’ पाव्हण्याक विचारतत तसा. तुमच्याशी सई भांडता मा?”

म्हटलं, रोज. कशावरूनही. बोलते ती तेवढ्यापुरतीच.

“माझा भांडत नाय,” तो म्हणाला. एवढंच म्हणून त्याने कप पायरीवर ठेवला.

मी उठलो आणि काहीतरी मदत करावी म्हणून सईच्या मागे जाऊन उभा राहिलो. ड्रायरची वायर माझ्या पायाखाली आली. सई वळली. चेहरा लालबुंद.

“डॅड, बाजूक व्हा बघू! वायरीवर कित्याक उभे रवलास? काय कळता की नाय तुमका?”

इतकं लांब वाक्य ती माझ्याशी मराठीत कधी बोलली नव्हती. मी पटकन पाय उचलला आणि विश्रामला सांगायला मागे वळलो. तो पायरीवरून आमच्याकडेच बघत होता. ती नजर मी लगेच ओळखली. कित्येक महिने मी त्याच्याकडे तसंच बघत आलो होतो.