सुती भिंत

तिरुप्पूरच्या वस्त्रप्रदर्शनात आमच्या कारखान्याला तीन मीटर लांब-रुंद जागा मिळाली. तिच्या भिंतींवर काय लावावे हे ठरवण्यासाठी मालक नाचिमुत्तू यांनी समिती नेमली: ते स्वतः, त्यांची मुलगी मेगला आणि ठराव लिहायला मी. परदेशी ऑर्डर आली नाही तर दिवाळीनंतर दुसरी पाळी बंद होणार होती. दोनशे शिवणयंत्रे मुकी होणार, दोनशे चुली चिंतेत पडणार.

फलकवाल्या सेल्वराजने भिंतीच्या कापडाचे नमुने मांडले. "हे पॉलिस्टर घ्या अण्णा. ताणून बसतं, एक सुरकुती पडली तर नाव बदलीन."

"शंभर टक्के सुती बनियन विकणाऱ्याच्या भिंतीला पॉलिस्टर?" मालकांनी बोटे झटकली. "उद्या जावईसुद्धा आणशील मिशी चिकटवलेला."

"अप्पा, तो फक्त भिंतीचं बोलतोय," मेगला म्हणाली.

ठराव पहिला: भिंत सुती.

भिंतीवर बनियन घातलेले हसरे बाळ छापले. सकाळपर्यंत ते ऐंशी वर्षांचे झाले. ठराव दुसरा: इस्त्रीवाला मुनियांडी भिंतीशी कायम तैनात. सुती कापड पेट घेते म्हणून अग्निशमन अधिकाऱ्याने त्यावर रसायन मारायला लावले. त्यावरून इस्त्री फिरताच बाळाला कावीळ झाली. ठराव तिसरा: हा रंग नैसर्गिक समजावा.

दुपारी डेन्मार्कच्या खरेदीदार इंगेलिसेबाई थबकल्या. बनियनांकडे त्यांनी पाहिलेही नाही. "माझ्या कोटाला इस्त्री होईल?"

झाली. मग सदरे आले, विजारी आल्या, प्रतिस्पर्धी आले, शेवटी अग्निशमन अधिकारीही आला. रांग फाटकापर्यंत गेली. उघड्या अंगांना मेगलाने आमचे बनियन वाटले. प्रदर्शनभर आमचेच बनियन फिरू लागले, जसे पाऊस थांबल्यावर माळावर बगळे.

इंगेलिसेबाईंनी बनियन चिमटीत धरले. "सुरेख आहे. दोन लाख नग घेते. फक्त यात साठ टक्के पॉलिस्टर टाका. गिऱ्हाइकाला इस्त्रीचा कंटाळा असतो."

 मालक हळूच म्हणाले, "मानेमागच्या चिठ्ठीवर तसं छापावं लागेल, बाई."

"छापा की. बारीक अक्षरात, शिवणीच्या आत. वर कापसाचं बोंड काढा, मोठं."

"कोणी वाचलं तर?"

"वीस वर्षं विकतेय. अजून कोणी वाचलेलं नाही."

ठराव चौथा एकमताने मंजूर झाला. दुसरी पाळी आजही धडधडते आहे.

तुमचा हात मानेमागे गेला असेल, तर शिवण हलकेच उलटा. अक्षर खरेच बारीक आहे.