उजव्या कळीला पाणी कमी

गंगारामांनी आयुष्यात एकच बेत असा आखला होता, की त्यात चूक काढायची देवाचीही छाती नव्हती!

झालं होतं असं. त्यांच्या यमुनाबाई रोज दोन तास मांडी घालून पोथी वाचायच्या. जमिनीवर घासून घासून डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी सुपारीएवढं टेंगूळ आलं. वहाण सोसेना, मांडी घालवेना, पोथी बासनातच राहिली.

डॉक्टरांनी पायाचा फोटो उजेडात धरला. "टेंगूळ नुसतं तासलं तर तीन आठवड्यांत चालाल. पण करंगळीचं हाड बाहेर फाकलंय, दुखणं परत येईल. हाड कापून सरळ बसवलं, तर कायमचं जाईल. मात्र सहा आठवडे पाय टेकायचा नाही!"

सहा आठवडे! गंगारामांपुढे चूल उभी राहिली. सोमवारचा उपास वेगळा, गुरुवारचा वेगळा. घरात माणसं दोन आणि व्रतं अकरा!

"अगं, तासूनच घेऊ. कापाकापी कशाला?"

"देवाला कौल लावू," यमुनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तासू का, म्हणून विचारते."

देवळात त्या लंगडत प्रदक्षिणेला गेल्या, तेवढ्यात गंगारामांनी रघू गुरवाला गाठलं.

"रघू, देवाच्या अंगावर कळ्या चिकटवशील, तेव्हा उजव्या कळीला पाणी जरा कमी लाव. ती आधी पडली की देवाचा होकार! आंब्याची पेटी तुझी."

"देवाच्या कामात असलं, भाऊ?" रघूनं कान पकडले. "पायरी नको हां, हापूसच!"

कळ्या लागल्या. रघूनं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकीच्या पायाचा निवाडा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गंगाराम गरजले.

यमुनाबाईंनी हात जोडले. "देवा, हाड कापूनच घेऊ ना?"

टप्! उजवी कळी खाली.

"दिला गो बाय, कौल दिला!"

"थांबा! ती कळी सुकी होती!" गंगाराम ओरडले.

"तुम्हाला काय ठाऊक?" यमुनाबाईंनी विचारलं.

गंगारामांनी हात वर करून जोरजोरात घंटाच बडवली.

चौथ्या आठवड्यात त्यांनी खाटेवर खिचडीची ताटली नेली. खिचडी कसली, खळच! प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून यमुनाबाई पोथी वाचत होत्या.

"एक सांग. ऐन वेळी प्रश्न का गं फिरवलास?"

"देवाला मी घरीच विचारलं होतं. देवळात तुमचं मन बघायचं होतं, ते प्रदक्षिणा घालताना कानावरच आलं." त्यांनी एक घास घेतला, देवाचं नाव घेऊन गिळला. "आणि उद्या साबुदाण्याला पाणी जरा कमी लावा हं. उजव्या कळीला लावलंत तसं!"