मोकाशीकाकांची भिंत

शनिवार, सकाळी दहा. स्थळ: बिबवेवाडी, आमच्या समोरचा फ्लॅट. हजर: मोकाशीकाका, सुतार गफूरभाई आणि मी, सोसायटीची सेक्रेटरी. गैरहजर: काकांची मुलगी मीनल, ऑफिसला गेलेली. काम: नवीन भिंतीची चाचणी.

मोकाशीकाका कुठलीही वस्तू बोटाने वाजवून बघतात. ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर हातोडीने टकटक करून लोखंडातल्या चिरा ओळखल्या. निवृत्तीनंतर हातोडी गेली, बोट राहिलं. कलिंगड, नारळ, माठ इथवर ठीक होतं. माझा नवा फ्रिजही त्यांनी वाजवला, "पोकळ आहे" म्हणाले आणि चहा न घेता गेले. फ्रिज पोकळच असतो, हे मला सुचेपर्यंत त्यांचं दार लागलं होतं.

दिवाळीनंतर मीनल सासरहून आली, ती राहायलाच. तिच्या आणि काकांच्या खोलीत एकच भिंत. थोड्याच दिवसांत काकांनी जाहीर केलं, की मुलगी रात्री लॅपटॉपचा कीबोर्ड बडवते, झोप होत नाही, भिंत बंद करायची.

"भिंत बंदच असते, काका."

"आवाजाला नसते. बिल्डरने पडदा लावलाय, पडदा."

अंड्यांच्या ट्रेने आवाज अडतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. त्यांच्या घरात अंडं येत नाही. मग ते मजल्यामजल्यावर रिकामे ट्रे मागत फिरले. लोकांची पंचाईत झाली. जोशीबाईंनी "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून खातो हो" असं म्हणत चांगला गठ्ठाच दिला. काकांनी सगळे ट्रे भिंतीला चिकटवले. खोली घुमायची थांबली, आवाज मात्र पूर्वीसारखाच आरपार. शेवटी मी यादी केली: लाकडी चौकट, आत ग्लासवूल, वरून जिप्सम बोर्डाचे दोन थर, फटी बंद. आणि गफूरभाईंना घेऊन आले.

तर शनिवारी चाचणी. मी मीनलच्या खोलीत, काका पलीकडे, दोन्ही दारं बंद. मी टाळ्या वाजवल्या, खुर्ची ओढली, पाणीकपातीची नोटीस वाचून दाखवली. काका दारात आले.

"ठीक आहे. आता रडा."

"काय?"

"रडा. हळू. उशीत तोंड खुपसून."

गफूरभाई खाली वाकून स्क्रू गोळा करू लागले.

"काका, कीबोर्डचं बघायचं होतं ना?"

"कीबोर्डचा मला कसला त्रास?" त्यांनी दाराची चौकट वाजवली. "ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मला ऐकू जाऊ नये म्हणून. गार फरशीवर बसून. खोलीत रडावं माणसाने, पलंगावर, पंखा लावून."

मी ओढलेली खुर्ची जागेवर ठेवली.

"आयुष्यात एकच गोष्ट न वाजवता घेतली, सेक्रेटरीबाई. जावई."

ते पलीकडे गेले. मी उशी घेतली. ठरवून रडणं मला जमत नाही, पण त्या दिवशी बऱ्यापैकी जमलं. पलीकडून काहीच आलं नाही. मग मी भिंतीजवळ जाऊन साध्या आवाजात म्हटलं, "काका, झालं का?"

"झालं," उत्तर आलं. स्पष्ट.

गफूरभाईंनी कान लावून शोधलं. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड एकाच जागी पाठीला पाठ लावून होते. "रडणं नाय जात, बाई, पण हाक मारली तर जाते. मागून भरून टाकतो, आत्ता होईल."

काका येऊन त्या बोर्डासमोर उभे राहिले. बोट उचललं, पण वाजवलं नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "हाक मारली तिने तर?"

भिंतीला रंग झाला, ट्रे भंगारात गेले. माझ्या यादीत एकच ओळ उरली आहे: स्विचबोर्ड मागून भरणे. गफूरभाई दोनदा विचारून गेले. काका म्हणतात, भरायचं सामान मिळत नाही. त्याचा डबा त्यांच्याच कपाटावर आहे.