फ्लेमेंकोची बोटं

परातीतली भाकरी अर्धवट सोडून स्नेहलचे पिठाने माखलेले हात हवेत गेले. मनगटं आत वळली, करंगळीपासून एकेक बोट मिटत गेलं. मग मनगटं बाहेर वळली आणि बोटं पंख्यासारखी उघडली.

"तवा जळतोय गो," गोदूआजी म्हणाली. "नाचाला पाय लागतात. तुज्या क्लासच्या वसुंधराबाईंनी महिनाभर नुसती बोटंच नाचवली."

"फ्लेमेंकोत आधी हात शिकवतात, आजी. पाय नंतर."

"त्या स्पेनवाल्यांकडं जागा कमी असंल."

रविवारी चिरनेरची मंडळी स्नेहलला बघायला येणार होती. आजीने बजावलं, "हात मांडीवर, पदराखाली. एक बोट हाललं तर क्लास बंद." आजीचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरातल्या पुरुषांनी ती कधी ओलांडली नव्हती, मग नातीची काय कथा.

रविवारी स्नेहल शहाण्यासारखी बसली. पण नवरा मुलगा धनेश समोर, त्याची आई शेजारी. घाबरली की तिची बोटं आपोआप सुरू व्हायची. पदर हलू लागला.

"पदराखाली काय हाय?" धनेशच्या आईने विचारलं. "मांजर?"

स्नेहलने हात बाहेर काढले. ते थांबेनात.

"पोरीला कंप हाय का ओ, गोदूबाय?"

आजी आयुष्यात कुणापुढे निरुत्तर झाली नव्हती. "कंप कशाला? माजी बोटं आखडल्यात. डॉक्टरनं व्यायाम दिलाय. ती मना शिकवते, म्हून तिला सवय लागली."

"मंग दावा की करून."

आता आली का पंचाईत? आजीने चहाचा कप खाली ठेवला, कोपरं उचलली, करंगळीपासून बोटं मिटली, मनगट फिरवून उघडली. अंगठ्याला मध्ये लुडबुड करू दिली नाही. महिनाभर नावं ठेवत का होईना, तिने सगळं नीट बघितलं होतं.

धनेशची आई पुढे सरकली. "मिठागरात मीठ ओढून माजीबी आखडल्यात. मना शिकवा."

मग काय, सगळी बैठक हात फिरवत बसली. धनेशचा बाप तर डोळे मिटून फिरवत होता. निघताना सोयरिकीचं कुणी बोललंच नाही. ते गेल्यावर आजीने दार लावलं आणि शब्द पाळला. क्लास बंद.

पुढच्या रविवारी दारात टेम्पो थांबला. धनेशच्या आईमागोमाग चिरनेरच्या पाच-सहा बायका उतरल्या.

"पोरगी पसंत हाय, ते सांगायचंच राह्यलं," ती म्हणाली. "पन बोटं सुटली माजी, गोदूबाय. ह्या पन शिकाय आल्यात. मना आता फुडचं दावा."

पुढचं आजीला कुठे ठाऊक होतं? तिने बायकांना बसवलं, चहा दिला, आणि गेल्या वेळचंच नीट घोटून घ्यायला सांगून ती स्वयंपाकघरात आली. स्नेहल मुकाट भाकऱ्या थापत होती.

"तुज्या बाईंचा क्लास आज हाय का?"

"आहे. पण तू बंद केलास ना?"

"तुजा बंद केलाय," आजी चपला शोधत म्हणाली. "मी चाललेय. मना वाट दावायला चल."