एका शब्दाची आठवण

दातांच्या दवाखान्याचं ॲप आज चालू करून द्यायचं होतं, आणि प्रोग्रॅमरला चाचणीसाठी असा एक फोन नंबर हवा होता, जिथून उत्तर येणार नाही. फार शोधावं लागलं नाही. महिन्यापूर्वी तो सासूबाईंना आणायला स्टेशनवर जायचं साफ विसरला होता. त्या अडीच तास बॅगेवर बसून राहिल्या आणि तेव्हापासून त्यांनी जावयाशी बोलणंच टाकलं होतं. बायकोनं कालच निर्वाणीचं सांगितलं होतं, "आईची समजूत काढ. नाहीतर मीच जाते तिच्याकडे. परत कधी येईन ते विचारू नकोस."

काम तसं सोपं होतं. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीनं एपीआय नावाची एक खिडकी उघडून ठेवली होती. तिथे ठरावीक भाषेत मागणी केली, की मेसेज जातो. ती भाषा शिकायचा कंटाळा, म्हणून यानं कुणीतरी आयती लिहून ठेवलेली कोडची लायब्ररी उचलली आणि ॲपला जोडून टाकली. सोबतच्या माहितीतल्या पहिल्या चार ओळी वाचल्या, बाकीच्या देवावर सोडल्या.

"लायब्ररी?" त्याच्या खांद्यावरून डोकावत दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे तुम्ही अजून वाचून शिकताय की काय?"

"छे हो डॉक्टर! वाचायला लागू नये म्हणूनच असते ती."

मेसेज होता 'उद्या दात दाखवायला या' अशी आठवण करून देणारा. यानं सासूबाईंचा नंबर घातला आणि सध्यापुरता एकच शब्द टाकला, 'आठवण'. खाली पाठवणारा म्हणून स्वतःचं नाव. तारीख-वेळ नंतर भरू म्हणत बटण दाबलं आणि जेवायला गेला.

देवावर सोडलेल्या ओळींत लिहिलं होतं, की समोरून 'हो' असं उत्तर येईपर्यंत दर मिनिटाला मेसेज पुन्हा जाईल.

तो परतला तेव्हा एक्केचाळीस आठवणी रवाना झाल्या होत्या. उत्तरंही आली होती. 'आत्ता सुचलं का?' मग 'बरं बरं, कळलं.' मग 'अहो, किती रडवाल?' लायब्ररीला यातलं काहीच पटलं नव्हतं. तिला 'हो'च हवं होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "काय केलंस तू? आई रडतेय!"

"अगं, ते चुकून..."

"महिनाभर तुझं नाव काढू देत नव्हती. आता शेजारणींना फोन दाखवत सुटलीय. जावई कामधंदा सोडून माझी आठवण काढतोय म्हणे! चुकून काय?"

"चुकून... इतके दिवस राहूनच गेलं गं."

मागे डॉक्टर येऊन उभे होते. "एकाच माणसाला एक्केचाळीस? अहो, पेशंट दात घरीच पाडून घेईल!"

त्यानं घाईघाईनं एका मेसेजची मर्यादा घातली. डॉक्टर खूश झाले, ॲप चालू झालं. दहाच मिनिटांत सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, तब्येत बरी आहे ना? बराच वेळ झाला, एकही आला नाही."

"कामात होतो हो, आई."

"असू दे. आम्ही काय, वाट बघायला बसलेल्याच."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवल्यावर त्यानं ॲप, एपीआय, लायब्ररी सगळं बाजूला सारलं आणि स्वतःच्या बोटांनी लिहिलं, 'आई, त्या दिवशी माझं फार चुकलं. तुम्हाला ताटकळत ठेवायला नको होतं. मनापासून माफी मागतो.'

उत्तर लगेच आलं.

'हे कुणाकडून लिहून घेतलंत? अगदी छापील वाटतं. मघाचेच बरे होते, ते तुमच्या मनातले होते.'